थर्मोकोल विरघळवून केलेला सीलर लाकडावर कुठे चालतो आणि कुठे चालत नाही

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : नवीन फ्रिजच्या खोक्यातून पोतेभर थर्मोकोल निघाला आहे, तो थिनरमध्ये विरघळवला की पारदर्शक आणि चकचकीत वॉर्निश तयार होते असे आपण एका चित्रफितीत पाहिले, आणि सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या सदनिकेत ते तीन ठिकाणी वापरण्याचा आपला विचार आहे. बाल्कनीतला पाइनच्या फळ्यांचा कुंड्यांचा स्टँड, बैठकीच्या खोलीतले जुने सागवानी टेबल आणि न्हाणीघराजवळच्या प्लायवूडच्या कपाटाचे पाय. टेबलावर हेच मिश्रण सीलर म्हणून, म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणारा खालचा थर म्हणून लावून वर पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) मारता येईल का, असेही आपण विचारले आहे. मी पुण्यात फर्निचर पॉलिशचे काम करतो, आणि माझ्याकडे येणारी अर्धी कामे आधी कोणीतरी भलतेच काही लावून ठेवलेल्या लाकडाची असतात. त्या अनुभवावरून निकाल आधीच सांगून टाकतो : कपाटाच्या पायांना जरूर लावा, स्टँडला लावून फारसा उपयोग नाही, आणि टेबलाला लावू नका.

थर्मोकोल विरघळतो की नाही, ही मुळात अडचणच नाही. योग्य द्रावक असेल तर तो डोळ्यांदेखत विरघळतो. खरा प्रश्न असा आहे की द्रावक उडून गेल्यावर लाकडावर काय उरते. उरते ते पॉलिस्टायरीन, म्हणजे ज्या कडक, ठिसूळ प्लॅस्टिकची स्वस्त पारदर्शक खोकी आणि एकदा वापरून फेकायचे पेले बनतात तेच. थर्मोकोलमध्ये आकारमानाने ९५ टक्क्यांहून अधिक हवाच असते. द्रावकामुळे मण्यांच्या भिंती कोसळतात, हवा निघून जाते आणि प्लॅस्टिक द्रवात उतरते. पुढे द्रावक उडाले की ते प्लॅस्टिक पातळ पापुद्र्याच्या रूपाने पुन्हा घट्ट होते. यात कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. पीयू किंवा मेलामाइन हार्डनरमुळे आणि जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूमुळे आतून जोडले जाते, म्हणून ते वाळल्यावर पुन्हा त्याच द्रावकात विरघळत नाही. थर्मोकोलचा थर मात्र कितीही महिने वाळवला तरी थिनरचा थेंब पडताच पुन्हा पातळ होतो. हा गुणधर्म लक्षात ठेवला की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप मिळतात.

चित्रफितीत तो इतका देखणा का दिसतो, हेही सांगायला हवे, कारण त्यात फसवणूक नाही. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे १.५९ आहे, आणि नेहमीच्या वॉर्निशांच्या तुलनेत तो जास्त आहे. त्यामुळे लाकडाचे रेषे गडद आणि खोल दिसतात आणि पृष्ठभागाला काचेसारखी झळाळी येते. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे पाहून कोणालाही हेवा वाटेल. आपण मात्र टेबल आठवड्यापुरते वापरणार नाही.

टेबलाला नको म्हणण्याची कारणे तीन आहेत. पहिले उष्णतेचे. शुद्ध पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, पण नव्याने लावलेल्या थरात द्रावकाचा थोडा अंश बरेच दिवस अडकून राहतो आणि तोवर तो त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ होतो. चहाच्या पेल्याचे कडे उमटते, फुलदाणी चिकटते, आणि कुकर किंवा गरम कढई ठेवली तर थर भांड्याबरोबरच उचलला जातो. दुसरे कारण ठिसूळपणाचे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, सागही त्याला अपवाद नाही. पॉलिस्टायरीन मात्र फार तर दोन-तीन टक्के ताणले जाते आणि तडकते, त्यामुळे सांध्यांपाशी आणि फळ्यांच्या कडांना आधी केसासारख्या बारीक रेषा दिसू लागतात आणि मग त्यांतून पाणी आत शिरते. तिसरे कारण घरगुती वापराचे. नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर, संत्र्याच्या सालीचे तेल, इतकेच काय पण काही खाद्यतेलेही या प्लॅस्टिकला डाग पाडतात किंवा बारीक तडे देतात. ज्या टेबलावर मुले संत्री सोलणार आहेत तिथे संत्र्याच्या सालीत विरघळणारे वॉर्निश लावण्यात अर्थ नाही. हे मी गमतीने म्हणत नाही. त्या सालीच्या तेलातले लिमोनीन हे थर्मोकोलचे इतके चांगले द्रावक आहे की जपानमध्ये सोनी कंपनीने १९९०च्या दशकात ते वापरून थर्मोकोलचा पुनर्वापर करण्याची पद्धत विकसित केली होती.

आता पीयूबद्दल. पीयूच्या थिनरमध्ये झायलीन आणि ब्युटाइल ॲसिटेट यांसारखे घटक असतात आणि ते दोन्ही पॉलिस्टायरीन विरघळवतात. ब्रश फिरवताच खालचा थर वर येतो, पीयूमध्ये मिसळतो, आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात किंवा चिकट चट्टे राहतात. फवारणीचा अगदी हलका पहिला हात मारून हे टाळता येते असे काही कारागीर म्हणतात. कधी कधी ते साधतेही, परंतु खालचा थर आतून मऊ राहिल्याने काही महिन्यांनी पीयूचा कडक थर त्यावरून सुटू लागतो. मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर यांचेही तसेच. त्यावर लावायचेच असेल तर दोन गोष्टी टिकण्याची शक्यता असते : चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश, कारण स्पिरिटमध्ये पॉलिस्टायरीन विरघळत नाही, किंवा पाण्यावर आधारित पीयू. दोन्हींच्या आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने थर हलक्या हाताने खरडावा लागतो, आणि तो खरडताना घाई केली की घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन कागदावर गोळे बसतात. एवढी कसरत करण्यापेक्षा सागवानावर थेट लाखेचे पॉलिश करणे सोपे, स्वस्त आणि पुढे दुरुस्त करण्याजोगे आहे. टेबलावर पीयूच हवे असेल तर त्याच कंपनीचा पीयू सीलर खाली घ्यावा. सीलर आणि वरचा थर एका घराण्यातले असावेत, हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे.

बाल्कनीतल्या स्टँडचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. बाल्कनी उत्तरेकडे असेल, थेट ऊन येत नसेल आणि स्टँड दोन-तीन वर्षांनी बदलला तरी चालणार असेल, तर लावून पाहायला हरकत नाही. पण पश्चिमेचे ऊन येत असेल तर नको, कारण अतिनील किरणांनी पॉलिस्टायरीन पिवळे पडते, आणखी ठिसूळ होते आणि शेवटी त्याची भुकटी सुटते. शिवाय हा थर पाण्याचा थेंब चांगला अडवतो, पण पाण्याची वाफ हळूहळू त्यातून आरपार जाते. त्यामुळे ओल्या कुंडीखालची फळी वरून कोरडी आणि आतून दमट राहू शकते, आणि पाइनला नेमके तेच सोसत नाही. मी आपल्या जागी असतो तर फळ्यांच्या फक्त आडव्या कापलेल्या टोकांना हा सीलर लावला असता आणि बाकीच्या पृष्ठभागावर बाहेरच्या वापरासाठीचे तेल किंवा ऑइल पेंट.

टोकांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण या मिश्रणाची खरी किंमत तिथेच आहे. लाकूड आपल्या बाजूच्या पृष्ठभागातून जितके पाणी पिते त्याच्या कितीतरी पटीने ते कापलेल्या टोकातून पिते, कारण तिथे त्याच्या सर्व नळ्यांची तोंडे उघडी असतात. प्लायवूडच्या कडाही तशाच. फरशी पुसताना दररोज कपाटाच्या पायांना ओले फडके लागते, पाणी त्या कडांतून वर चढते, आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर खालच्या थरांची पाने सुटू लागतात. असे कुजलेले पाय मी पुण्यातल्या घरोघरी पाहतो. या जागी चमक लागत नाही, ऊन नाही, गरम भांडे नाही, वर पीयू मारायचे नाही, आणि ठिसूळ थराला तडा गेला तरी प्लॅस्टिक नळ्यांच्या आत शिरून बसलेले असल्याने अडवण्याचे काम चालू राहते. ओले ओंडके किंवा आंबा-कडुलिंबाच्या ताज्या फळ्या वाळत ठेवतानाही टोकांना हे लावले तर टोके फाटण्याचे प्रमाण कमी होते.

करायचेच असेल तर नीट करण्यासाठी थोडा तपशील देतो. प्रथम थर्मोकोल ओळखा. हवा तो दाणेदार, पांढरा, कटकन मोडणारा. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यात असतो तोच. त्याच खोक्यात कधी कधी मऊ, वाकणारे पांढरे फोमचे तावही असतात. ते पॉलिथिलीनचे असतात आणि थिनरमध्ये विरघळत नाहीत. गादीचा किंवा सोफ्याचा फोमही विरघळत नाही. गच्चीवर उष्णतारोधक म्हणून टाकलेला जुना थर्मोकोल मात्र विरघळत असला तरी घेऊ नका, कारण बांधकामाच्या थर्मोकोलमध्ये आग रोखण्यासाठी एचबीसीडी नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन घालत असत, आणि ते २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराखालच्या घातक रसायनांच्या यादीत गेले आहे. मासळीचे किंवा खाद्यपदार्थांचे डबे तेलकट असतात, तेही नकोत. जे घ्याल ते धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घ्या, कारण थोडासाही ओलावा राहिला तर द्रावण दुधाळ होते.

द्रावकाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून इथे थोडा थांबतो. ॲसिटोनमध्ये थर्मोकोल झटकन बसतो, त्यामुळे तो विरघळला असे वाटते. प्रत्यक्षात तळाशी चिकट गोळा जमतो आणि त्याचे लावण्यायोग्य द्रावण होत नाही. दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळते ते बहुधा खनिज टर्पेंटाइन असते. त्यातही तो नीट विरघळत नाही. टोल्यूइन उत्तम विरघळवते, पण त्याची वाफ मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करते. एनसी थिनर हे टोल्यूइन, ॲसिटेट, अल्कोहोल वगैरेंचे मिश्रण असते आणि ते दुकानागणिक बदलते. त्यात अल्कोहोल जास्त असेल तर प्लॅस्टिक पूर्ण विरघळत नाही, आणि अगदी स्वस्त थिनरमध्ये मेथॅनॉलही असू शकते. माझी निवड इथाइल ॲसिटेट. आपल्याकडे ते मुख्यतः अल्कोहोलपासून बनते आणि ते अल्कोहोल बरेचसे साखर कारखान्यांच्या मळीपासून येते. रसायनांच्या दुकानात ते सुटे मिळते आणि टोल्यूइनच्या मानाने शरीराला कमी घातक आहे. मात्र ते ७७ अंशांनाच उकळते, म्हणजे फार लवकर उडते, आणि त्यामुळे पावसाळ्यात हमखास पॉलिश पांढरे पडते : द्रावक वेगाने उडाल्याने पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि ते पाणी थरात अडकते. यावर उपाय म्हणजे द्रावकाचा पाचवा हिस्सा ब्युटाइल ॲसिटेट घालणे, कारण ते सावकाश उडते. याहून चांगला उपाय म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये हे काम न करणे.

पेट्रोलचा उल्लेख आपण "ते घरात आहेच" म्हणून केला आहे. ते पूर्णपणे विसरा. पेट्रोलमध्ये थर्मोकोल घातल्यावर तयार होणारा चिकट पदार्थ पेटला तर तो कातडीला आणि कपड्याला चिकटून जळत राहतो, पाण्याने सहज विझत नाही, आणि शिवाय पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेंझीन असते. लाकडावरही त्यातले जड घटक वास आणि चिकटपणा मागे ठेवतात.

आगीची भीती इतर द्रावकांनाही आहे आणि ती अनेकांच्या कल्पनेपेक्षा मोठी आहे. इथाइल ॲसिटेटची वाफ शून्याखाली साधारण चार अंशांनाही ठिणगीने पेट घेऊ शकते, टोल्यूइनची शून्याच्या वर चार अंशांना. म्हणजे पुण्याच्या कोणत्याही ऋतूत ही वाफ पेटण्यास तयारच असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, आणि देवघरातले निरांजन, गॅसची शेगडी किंवा फ्रिजच्या मागची ठिणगी तिला पुरेशी होते. म्हणून सदनिकेच्या आत हे काम करू नये. गच्ची किंवा मोकळे अंगण असेल तरच करावे. कापडी मास्क किंवा एन-९५ धुळीसाठी आहेत, वाफ त्यांतून सरळ आत जाते. त्यासाठी सेंद्रिय वाफेचे काडतूस असलेला मास्क लागतो. हातमोज्यांतूनही हे द्रावक काही मिनिटांत झिरपतात, तेव्हा भिजलेला मोजा लगेच बदलावा.

प्रमाण नेहमी वजनाने घ्या, कारण थर्मोकोलच्या आकारमानावरून काहीच कळत नाही. ५० ग्रॅम थर्मोकोल म्हणजे साधारण तीन लिटर आकाराचा ढीग असतो. तो ४५० ग्रॅम द्रावकात विरघळवला की १० टक्क्यांचे द्रावण होते. भांडे काचेचे किंवा पत्र्याचे घ्या. तुकडे थोडे थोडे घाला, कारण हवा आणि थर्मोकोल फुगवण्यासाठी वापरलेल्या पेंटेनचा उरलेला अंश बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. याच कारणाने झाकण लगेच घट्ट लावू नये. रात्रभर ठेवून मलमलच्या कापडातून गाळून घ्या. दाटपणा पाहण्यासाठी काडी बुडवून उचला : पाकासारखी तार येत असेल तर द्रावण लावण्यासाठी जास्त दाट आहे. तसेच लावले तर ब्रशमागे जाळी ओढली जाते, आणि स्प्रे गनमधून तर अक्षरशः कोळिष्टके बाहेर पडतात.

कपाटाच्या पायांसाठी पहिला हात निम्म्याने पातळ करून, म्हणजे पाच टक्क्यांचा, भरपूर आणि पुन्हा पुन्हा द्यावा, जोपर्यंत कडा तो पीत आहेत तोपर्यंत. दाट द्रावण वरच बसते आणि आत शिरत नाही. तासाभराने १० टक्क्यांचे दोन-तीन हात द्यावेत. कपाट आडवे करून पाय वर ठेवले तर हे काम फार सोपे होते. नंतर निदान आठवडाभर पाय फरशीला टेकवू नयेत, नाहीतर ते चिकटतील. पायांना आधीच पाणी लागलेले असेल तर आधी ते पूर्ण वाळू द्यावे लागतील. दमट लाकडावर लावलेला कोणताही सीलर पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून ठेवतो, त्यामुळे हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये करावे.

काही जागा मी पूर्ण वर्ज्य मानतो. पोळपाट, लाटणे, कापण्याची फळी, काथवट आणि मुलांची खेळणी यांना हे लावू नये. या प्लॅस्टिकमध्ये ते ज्यापासून बनते त्या स्टायरीनचा अल्प अंश उरलेला असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात बहुधा कर्करोगकारक अशा २ए गटात ठेवले आहे. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे तेल-तूप या थराला सोसत नाही. पोळपाटाला लिक्विड पॅराफिनमध्ये मधमाश्यांचे मेण वितळवून चोळले की पुरते. देव्हाऱ्यालाही नको, कारण हे प्लॅस्टिक ज्योतीने पेटते आणि काळाकुट्ट धूर सोडते. आजोबांच्या काळची शिसवी पेटी वगैरे असेल तर तिच्यापासूनही हे दूर ठेवा. थर पुसून काढता येतो हे खरे, पण छिद्रांत शिरलेले प्लॅस्टिक पूर्ण निघत नाही आणि पुढे त्यावर लाखेचे पॉलिश चट्ट्याचट्ट्यांनी बसते.

आपण पर्यावरणाचाही मुद्दा मांडला आहे, की टाकाऊ वस्तू कामी लागते. इथे थोडा हिशोब करू. १० टक्क्यांच्या द्रावणाचा एक हात, चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम प्लॅस्टिक लाकडावर राहते आणि ९० ग्रॅम द्रावक हवेत जाते. राहिलेला थर १० मायक्रॉनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही. टेबलाला शोभेल असा ८० मायक्रॉनचा थर हवा तर आठ-नऊ हात, म्हणजे ८० ग्रॅम कचरा वाचवण्यासाठी पाऊण किलो द्रावक हवेत. बाजारातल्या एनसी सीलरमधूनही द्रावक भरपूर उडते, तेव्हा त्याच्या तुलनेत हे फार वाईट आहे असे नाही, पण याला पर्यावरणाची सेवा म्हणता येणार नाही. त्या मानाने स्वच्छ थर्मोकोल दाबून, वितळवून त्याच्या फोटो फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याचा उद्योग देशात आहे, आणि त्यात द्रावक लागतच नाही. म्हणून पायांपुरता ५० ग्रॅम थर्मोकोल ठेवून बाकीचा स्वच्छ व कोरडा असताना सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून द्या, किंवा आपल्या भागातले 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे लोक तो घेतात का ते विचारा.

उरलेले द्रावण मोरीत ओतू नका. पाण्यात मिसळताच त्यातले प्लॅस्टिक पांढरा गोळा होऊन नळी तुंबवते आणि द्रावकाची वाफ इमारतीच्या सांडपाण्याच्या नळ्यांत पसरते. ते जुन्या पत्र्याच्या झाकणावर पातळ पसरून गच्चीवर, मुलांपासून आणि विस्तवापासून दूर वाळू द्या. दोन-चार दिवसांत कडक पापुद्रा होतो, तो सुक्या कचऱ्यात जाऊ शकतो. ब्रश त्याच द्रावकात दोनदा धुवावा, साबणाचे पाणी त्यानंतर.

टेबलाबद्दल आपल्याला अजूनही मोह असेल तर टेबलाच्या खालच्या बाजूला वीतभर जागेवर दोन हात देऊन पंधरा दिवस थांबा, मग नखाने कोपरा खरवडून पाहा, चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढून पाहा, आणि टेबल उलटे ठेवून त्या जागेवर गरम चहाचा पेला दहा मिनिटे ठेवा. टेबलावर सध्या कोणते पॉलिश आहे हे ठाऊक नसेल तर तिथेच कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावून पाहा. जुने पॉलिश चिकट होऊन बोळ्यावर उतरले तर ती लाख आहे, आणि मग त्या टेबलाला सगळे खरडण्याची गरजच नाही. जुना थर स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ करून वरून चपड्याचे तीन-चार ताजे हात दिले तरी पुरतील.